वारस लावायचे राहून गेले

माझ्या आत्याचे सासर खातेगांव, जिल्हा देवास. आतोबांचा बांधावरून शेजाऱ्यावर दावा चालू होता. आतोबा गेले. अस्थी जवळच नेमावरला नर्मदेत सोडल्या, तेरावे झाले; वकिलांना कळवायचे मात्र कुणालाच सुचले नाही. चौथा महिना उलटल्यावर तारखेला गेलेल्या आतेभावाला कळले, दावा ‘अबेट’ झाला, म्हणजे पडला!

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश २२ याचसाठी आहे. वादी किंवा प्रतिवादी वारला आणि वादाचा हक्क मागे उरत असेल, तर ९० दिवसांत त्याचे वारस लावायचे. नाही लावले तर दावा आपोआप पडतो, वेगळा हुकूमही लागत नाही. त्यापुढे ६० दिवसांत तो पुन्हा उभा करून मागता येतो. तेही टळले, तर विलंब माफीचा अर्ज आणि पटेल असे कारण! प्रतिवादी वारला तर त्याच्या वकिलाने कोर्टाला कळवावे, ही तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने आली.

आम्ही त्या ६० दिवसांत होतो, हे नशीब. पण अर्जावर आत्याला फक्त मुलाचे नाव हवे होते. “लेकी दिल्या घरी गेल्या, त्यांचे काय?” वकिलांनी समजावले, वडिलांच्या पश्चात पत्नी, मुलगा आणि मुली सारेच वारस. धाकटी निपाणीला कन्नड घरात दिलेली. तिच्या सासूबाई म्हणाल्या, “आमच्यातही वारसुदारच म्हणतात हो, सही करून ये.”

दावा परत पटावर आला आहे. निकाल अजून नाही. वादी म्हणून पहिले नाव आता आत्याचे पुकारतात.