आमच्यानंतर कोण?

महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता पुण्यातल्या एका इमारतीच्या तळमजल्यावर आम्ही वीस-पंचवीस खुर्च्या गोल मांडतो. चपला दाराबाहेर, कोपऱ्यात चहाचा थर्मास आणि ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे. येणाऱ्यांपैकी निम्मी माणसं घरून निघताना शेजाऱ्यांना ‘भजनाला जातो’ म्हणून सांगतात. त्यामुळं संस्थेचं नाव इथं लिहीत नाही. ही आहे मनोविकारानं आजारी असलेल्यांच्या घरच्यांची सभा. कुणाच्या मुलाला स्किझोफ्रेनिया, कुणाच्या बायकोला बायपोलर, कुणाचा सख्खा भाऊ आठ वर्षं खोलीबाहेर आलेला नाही. या क्षेत्रात आता आजारी माणसाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे शब्द जरा गोडगोड वाटले होते. पण ‘वेडा’ हा शब्द तीस वर्षं ऐकून आलेल्या आईला तो गोडवा किती लागतो, हे नंतर कळलं.

मी इथं सेवाभावानं आलो असं कुणी समजू नये. बँकेतून निवृत्त झालो, कादंबरी अडली होती आणि एका मित्रानं धरून आणलं. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब द्यावे लागतात आणि संस्थेची व्हाउचर्स चपलांच्या खोक्यात पडलेली. मला बरंच वाटलं. आकड्यांशी बोलायचं, माणसांशी नाही. पण हिशेबाचं टेबल आणि सभेची खोली यांच्यात दार नाही, नुसता पडदा आहे. चार-सहा सभा मी पडद्याआडून ऐकल्या आणि एका शनिवारी कॅशबुक मिटून खुर्ची घेऊन आत जाऊन बसलो.

का बसलो, ते सांगायला हवं. १९९४ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. आमचा एक कॅशियर नोटांचं बंडल पुन्हापुन्हा मोजू लागला. तीनदा, पाचदा, सातदा. काउंटरपुढं रांग दारापर्यंत जायची. रांगेतली माणसं आपल्याविषयीच कुजबुजतात, असं तो म्हणायचा. मी त्याला मेमो दिला, मग दुसरा दिला. त्याची बायको एकदा माझ्या केबिनमध्ये आली. हातात डब्याची पिशवी. “साहेब, यांना रात्र-रात्र झोप नाही,” एवढंच म्हणाली. मी तिला रजेचा अर्ज आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायला सांगितलं. महिन्याभरात त्याची बदली झाली, पुढं नोकरी सुटल्याचं कानावर आलं. माझ्या मेमोच्या भाषेचं मात्र वरच्या ऑफिसात कौतुक झालं होतं. खरं सांगायचं तर माझ्या कुठल्याही कादंबरीपेक्षा ती भाषा नेमकी होती.

त्या काळी कळायला मार्ग नव्हता, असं म्हणून सुटता येत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून होता, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात १९९० मध्ये संस्था काढली होती. कॅल्गरीत संख्याशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्वतःच्या घरातल्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली ती १९९७ मध्ये, आणि २००४ च्या ‘देवराई’नं हा आजार मराठी घरांत जेवणाच्या टेबलापर्यंत आणला. पण तालुक्याच्या गावी एका कॅशियरच्या बायकोसमोर १९९४ साली फक्त मी होतो.

तर सभा. इथं कार्यकर्त्यानं काय करायचं नाही, हे आधी शिकवतात. सल्ला द्यायचा नाही. ‘सकारात्मक विचार करा’ म्हणायचं नाही. ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ तर मुळीच नाही. त्या औषधानं एकाची दोन आयुष्यं बिघडलेली इथं दर सभेला भेटतात. गोळ्यांबद्दल काही विचारलं तर डॉक्टरांकडे पाठवायचं. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक आहे, २०२२ पासून. बाकी ऐकायचं. ऐकणं इतकं दमवतं, हे अडतीस वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या पाहणीत दहा प्रौढांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला आणि त्यातले बहुतेक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. हा आकडा मी वाचला होता. गोल मांडलेल्या खुर्च्यांत त्याला चेहरे मिळतात.

सभेचा शेवट बहुधा एकाच प्रश्नापाशी येतो. तो विचारला गेला की सगळे आपापल्या चहाच्या कपात बघू लागतात. आमच्यानंतर कोण?

एका सभेनंतर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई माझ्यापाशी आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, मुलगा सेहेचाळीस. “साहेब, एफडीला भाच्याचं नॉमिनेशन केलंय. तो बघेल याला. झालं ना?”

झालं नव्हतं. नॉमिनी हा पैशाचा मालक नसतो, वारसांच्या वतीनं तो सांभाळणारा असतो. ही गोष्ट मी काउंटरवर हजारदा सांगितली होती. ती कुणाची झोप उडवू शकते, हे त्या दिवशी पाहिलं. मग आम्ही कागद काढून बसलो. मृत्युपत्र हवं. मुलासाठी खाजगी न्यास करता येतो, विश्वस्त एकाऐवजी दोन असलेले बरे. सरकारी सेवेतल्या माणसामागं, मानसिक आजारामुळं कमावू न शकणाऱ्या अपत्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतनाची तरतूद आहे, पण नाव हयातीतच नोंदवलेलं बरं. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा मतिमंदत्व, स्वमग्नता वगैरेंसाठी आहे, मानसिक आजार त्यात नाही. २०१६ च्या कायद्यात तो एकवीस अपंगत्वांमध्ये आला. २०१७ च्या कायद्यानं आजारी माणसाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमायचा हक्क दिला. कायदे वाचायला चांगले आहेत. सगळ्याची किल्ली मात्र एका प्रमाणपत्रात आहे, चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं, आणि त्यासाठी मुलाला सरकारी रुग्णालयात डॉक्टरांपुढं बसावं लागतं.

मुलगा म्हणाला, “मी अपंग नाही.”

त्याचं अक्षर मोत्यासारखं आहे. संस्थेच्या पाकिटांवरचे पत्ते तोच लिहितो. मी त्याच्या शेजारी बसून टक्केवारीचे फायदे सांगत होतो. त्यानं पेन खाली ठेवून विचारलं, “काका, तुम्ही कुणाच्या बाजूचे? आईच्या की माझ्या?” मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. आईची भीती खरी आणि त्याचा नकारही खरा. पाच महिने मी तो विषय काढला नाही. पाकिटांना गोंद लावत बसलो.

मग बाई न्हाणीघरात घसरल्या. मनगट मोडलं, प्लॅस्टर. त्या आठवड्यात घरचा कुकर त्यानं लावला, आईची वेणी शेजारणीनं घातली. शनिवारी तो एकटाच आला आणि म्हणाला, “काका, तो फॉर्म आणा.”

फॉर्म ऑनलाइन भरला, तारीख मिळाली. सकाळी आठला रांगेत उभे राहिलो, नंबर लागला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. खिडकीपाशी कारकुनानं कागद पुढं सरकवला, इथं सही करा. त्यानं कागद हातात घेऊन पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. वाचून झाला, पुन्हा वरून वाचला. मग तिसऱ्यांदा. मागं चुळबुळ सुरू झाली, कुणीतरी “अहो, आटपा!” म्हणालं. त्याचा कागद धरलेला हात थरथरला.

मी मागं वळून म्हटलं, “थांबा जरा. वाचू द्या त्यांना.”

चौथ्यांदा वाचून झाल्यावर त्यानं माझ्याकडं पेन मागितलं.