करंडी, पाटी, झल्ली: टोपलीची नावे आणि मालाचे माप

जुन्या दिल्लीच्या खारी बावली बाजारात डोक्यावरून ओझी वाहणाऱ्यास ‘झल्लीवाला’ म्हणतात. झल्ली म्हणजे रुंद, उथळ टोपली. मुंबईच्या बाजारांतील ‘पाटीवाला’ हा शब्दही याच रीतीने घडला. आपली ‘करंडी’ संस्कृत ‘करण्ड’ या शब्दापासून आली. कुंकवाचा करंडा आणि रणजी करंडक ही त्याच कुळातील नावे होत.

टोपलीची नावे वस्तूपुरती मर्यादित राहिली नाहीत. ती मापेही झाली. ‘दोन पाट्या शेणखत’ असे आपण सहज म्हणतो. घरच्या शेतात हे माप पुरेसे ठरते. विक्रीत मात्र पाटीचा आकार, मालातील ओल आणि भरणी सपाट की शिगोशीग, यांनुसार वजन बदलते व शेतकऱ्याचे नुकसान होऊ शकते. बांबूच्या करंडीऐवजी प्लॅस्टिकचे कॅरेट आले, तरी ही अडचण संपलेली नाही.

म्हणून दिल्लीच्या आझादपूर मंडीत डाळिंब, द्राक्षे पाठविणाऱ्या शेतकऱ्यांनी पावतीवर नगांच्या संख्येसोबत, कॅरेटचे वजन वजा जाता उरलेले निव्वळ वजन किलोग्रॅममध्ये अवश्य नोंदवून घ्यावे. विस्तार कार्यकर्त्यांनीही गावातील पाटी, हारा, करंडी यांत प्रत्यक्ष किती किलो माल मावतो, हे पीकवार मोजून ठेवावे.