गाडी उचलली, आता स्टिअरिंगचं बघा

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर शेजारून एखादी उचललेली जिप्सी गेली की आधी दिसतात ते टायर, मग पुढचं विंचचं धूड, मग स्नॉर्केल. मालकाने पैसेही बहुधा याच क्रमाने घातलेले असतात. चाकांना दिशा देणाऱ्या, चेसिसखाली दडलेल्या दोन-तीन दांड्यांची आठवण होते ती सगळ्यात शेवटी. तीही केव्हा, तर वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर सत्तरच्या पुढे गाडी स्वतःच्या मनाने लेन बदलायला लागते तेव्हा. मग गॅरेजात ठरलेला संवाद होतो. ‘‘स्टिअरिंग फार जड झालंय, पॉवर लावून द्या.’’ पॉवर लागते, स्टिअरिंग हलकं होतं, आणि गाडी भटकायची ती भटकतेच. कारण जड होणं आणि भटकणं हे दोन वेगळे आजार आहेत. जडपणाने खांदे दुखतात, भटकण्याने अपघात होतो.

अंधेरी-बोरिवली-मुलुंडच्या ऑफ-रोडवाल्याची एक अडचण खास आहे. घरामागे जंगल आहे, पण ते राष्ट्रीय उद्यान, तिथे चाक घालायचं नाही. चिखल-दगड हवे असतील तर कर्जत, मुरबाड, नाहीतर कसारा घाट चढून इगतपुरी गाठायची. महिंद्रची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमीही तिथेच. म्हणजे दगडांवरच्या दोन तासांसाठी हमरस्त्यावरचे पाच-सहा तास, आणि बाकीचे दिवस ऑफिस, शाळा, सिग्नल. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज स्पर्धेतल्या गाड्यांचे व्हिडिओ पाहून ज्याला स्टिअरिंग निवडायचं आहे, त्याने एवढं लक्षात घ्यावं की त्या जातीच्या खास बांधलेल्या गाड्या बऱ्याचदा ट्रकवर लादून नेतात. तुमची गाडी घाट स्वतः उतरणार आहे.

या उपनगरांचं जीपशी नातं तसं जुनं. महिंद्रने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची जोडणी मुंबईत, माझगावात सुरू केली आणि पुढे कांदिवलीच्या कारखान्यातून वर्षानुवर्षं जीप बाहेर पडत राहिल्या. त्यातल्या सीजे-३बीचं स्टिअरिंग आजही जुन्या जीपवाल्यांच्या रागालोभाचा विषय आहे. स्टिअरिंग बॉक्सपासून निघालेली ड्रॅग लिंक मधल्या बेलक्रँकला जाते आणि तिथून दोन्ही चाकांना वेगवेगळा टाय रॉड. सांधे मोजले तर सात. एकच लांब टाय रॉड असलेल्या गाडीत ते चारावर येतात. प्रत्येक सांध्यात केसभर खेळ असला तरी सातांचा मिळून हातातल्या चक्रावर बोटभर होतो. म्हणून अशा जीपला लिफ्ट करण्याआधी बेलक्रँक काढून सरळ ड्रॅग लिंक घालणं हाच मोठा ‘अपग्रेड’ ठरतो. त्यात दिखाऊ काहीच नाही, म्हणून तो मागे पडतो.

आता लिफ्टने नेमकं बिघडतं काय ते मोजून बघू. स्टिअरिंग बॉक्सच्या पिटमन आर्मपासून चाकाच्या नकलकडे जाणारी ड्रॅग लिंक ९० सेंटीमीटर लांब धरा. ती आडवी, समतल असेल आणि खड्ड्यात अ‍ॅक्सल ५ सेंटीमीटर खाली गेला, तर ती नकलला ओढते जेमतेम दीड मिलिमीटर. हाताला कळतही नाही. आता गाडी ४ इंच उचलली. बॉक्स चेसिसवर असतो, तो वर गेला. नकल अ‍ॅक्सलवर, ती खालीच राहिली. दांडीच्या दोन टोकांत १० सेंटीमीटरचा फरक पडला. तोच ५ सेंटीमीटरचा खड्डा आता नकलला ७ मिलिमीटर ओढतो. नकलचा आर्म १५ सेंटीमीटरचा असेल तर चाक अडीच अंशांहून जास्त वळलं. बॉक्सचं गुणोत्तर १६ ला १ असेल, तर गाडी सरळ ठेवायला हातातलं चक्र चाळीसेक अंश फिरवायला हवं. तुम्ही काहीच केलेलं नाही, फक्त एक खड्डा आला. गॅरेजवाले याला बंप स्टिअर म्हणतात. मापं नमुन्याची आहेत, पण आपल्या गाडीची मापं टेप घेऊन अर्ध्या तासात काढता येतात आणि कुठलंही किट विकत घेण्याआधी ती काढावीतच.

दुसरी गोष्ट कॅस्टरची. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसा किंगपिनचा आसही थोडा मागे कललेला असावा लागतो. त्यामुळेच वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. जिप्सीत पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पुढच्या टोकाला शॅकल आहे. स्वस्तातली लिफ्ट म्हणून तिथे लांब शॅकल लावली की अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि हाच कल कमी होतो. स्टिअरिंग हलकं लागतं खरं, मालक खूशही होतो, पण हायवेवर ते मधे परत येत नाही. उपाय म्हणून पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर बसवतात. ती बसवली की डिफरन्शियलचं तोंडही फिरतं आणि प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, तेव्हा पाचर किती अंशांची हे अंदाजाने ठरवू नये.

कमी कॅस्टर, झिजलेले किंगपिन बेअरिंग, ढिले टाय रॉड एंड आणि वर जड टायर असं सगळं जुळून आलं की फ्लायओव्हरच्या एका सांध्यावर पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागतात आणि वेग उतरवल्याशिवाय थांबत नाहीत. एकदा हा अनुभव घेतलेला माणूस दुसऱ्याच दिवशी स्टिअरिंग डँपर घेऊन येतो. डँपर थडथड दाबतो, बरी करत नाही. त्याआधी साधी तपासणी करावी. एकाने आत बसून चक्र थोडं डावीउजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी मागाहून हलते, तिथे खेळ आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम चक्रावर ३० अंशांपेक्षा जास्त खेळ चालवून घेत नाही. माझ्या मते ३० अंश म्हणजे फार उदार मर्यादा झाली. उचललेल्या गाडीत याच्या तिसऱ्या हिश्शालाच कामाला लागावं.

खेळ गेला, कॅस्टर बसला, की मग कोन. इथे दोनच रस्ते आहेत: दांडीचं वरचं टोक खाली आणा किंवा खालचं टोक वर न्या. वरचं खाली आणायला ड्रॉप पिटमन आर्म मिळतो. स्वस्त, एका नटाचं काम. पण बॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर त्याला वाकवणारा भार वाढतो, बॉक्सचे बेअरिंग आणि सील लवकर जातात, आणि बॉक्स ज्या चेसिसच्या पट्टीवर बसतो ती तडकू शकते. दोन इंचांच्या लिफ्टला हा मार्ग मान्य. त्याच्याच शेजारी दुकानात झेडच्या आकारात वाकवलेली ड्रॅग लिंक टांगलेली असते. ती मी कोणालाही सुचवणार नाही. जोर आला की वाकडी दांडी आधी स्वतःभोवती फिरते आणि मग चाकाला ढकलते; म्हणजे पैसे देऊन नवा खेळ विकत घेतला.

चार इंच किंवा त्याहून जास्त लिफ्टला, विशेषतः पाटे अ‍ॅक्सलच्या वर चढवले असतील तर, दुसरा रस्ता खरा: हाय स्टिअर. किंगपिनच्या वरच्या झाकणाच्या जागी नवा आर्म येतो, त्यावर ड्रॅग लिंक आणि टाय रॉड दोन्ही चढतात. कोन सपाट होतो आणि टाय रॉड दगडांच्या वाटेतून वर निघतो, हा दुहेरी फायदा. तो महाग आहे आणि तो असावाच. आता चाक वळवण्याचा सगळा जोर झाकणाच्या चार-पाच स्टडवर येतो, म्हणून स्टड चांगल्या प्रतीचे आणि टॉर्क रेंचने आवळलेले हवेत. अ‍ॅक्सल पूर्ण वर आला की टाय रॉड पाट्यांना किंवा इंजिनच्या सम्पला भिडतो का, ते बघून बंप स्टॉप खाली घ्यावा लागतो. आणि एक गोष्ट कुठल्याही मिस्त्रीच्या आग्रहाला बळी पडून करू नये: मूळ आर्म तापवून वाकवणं किंवा कापून वेल्ड करणं. हा जोड तुटला तर ब्रेक मारेपर्यंत गाडी दुसऱ्या लेनमध्ये असते.

जिम्नीवाल्यांचं गणित थोडं निराळं. तिथे कॉइल स्प्रिंग आहेत आणि अ‍ॅक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड समांतर राहिले तर दोघं एकाच कमानीत हलतात आणि गाडी सरळ जाते. एकट्या ड्रॅग लिंकचा कोन सुधारला तर बंप स्टिअर उलट वाढतो. बदलायचं तर दोन्ही बदला, नाहीतर दोन्ही सोडा. २०२० नंतरच्या थारला तर पुढे अखंड अ‍ॅक्सलच नाही. रॅक-अँड-पिनियन आणि स्वतंत्र सस्पेन्शन. तिथे दोनेक इंचांवर थांबावं, चांगले टाय रॉड घ्यावेत, आणि फार बाहेर येणाऱ्या रिम टाळाव्यात. चाक किंगपिनच्या आसापासून जितकं बाहेर जातं तितका प्रत्येक दगडाचा झटका मनगटात येतो.

इतकं झाल्यावर पॉवर. मदत कुठे मिसळायची, हा तिथला खरा प्रश्न. जिप्सीत सगळ्यांत जास्त चालणारा उपाय म्हणजे वॅगनआरसारख्या छोट्या गाडीचा इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा कॉलम. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांच्या बाजारात तो शोधायला लोक जातात. पंप नाही, पट्टा नाही, गळती नाही, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर स्वर्ग. पण ही मदत बॉक्सच्या वर मिळते. म्हणजे बॉक्स, पिटमन आर्म, ड्रॅग लिंक या सगळ्यांतून आता जास्त जोर जाणार. आधी चाक दगडात अडकलं की हात हार मानायचे. आता मोटर हार मानत नाही, मग कुठला तरी सांधा मानतो. शिवाय या कॉलमला इंजिन चालू असल्याचा आणि वेगाचा सिग्नल लागतो. तो नीट दिला नाही तर शंभरच्या वेगालाही स्टिअरिंग पार्किंगइतकंच हलकं राहू शकतं. भंगारातून घेताना कॉलम सरळ आहे का बघा, आणि धडकेत आत दबण्याची त्याची रचना वेल्डिंगने मारून टाकू नका.

हायड्रॉलिक बॉक्समध्ये मदत बॉक्सच्या आत मिळते आणि तेल दगडाचा उलटा झटकाही बराच शोषतं. किंमत म्हणून पंपाचं ब्रॅकेट, नळ्या आणि चेसिसवर मजबुतीची पट्टी, असं तिहेरी काम अंगावर येतं. हमरस्ता आणि चिखल दोन्ही करणाऱ्या जीपला मी हाच घालीन. टाय रॉडलाच हायड्रॉलिक रॅम जोडणं हे ३५ इंची टायर आणि लॉकरवाल्यांचं काम. आणि चक्र-चाकांमध्ये लोखंडी दुवाच नसलेलं निव्वळ हायड्रॉलिक स्टिअरिंग हमरस्त्यासाठी नाहीच. नळी फुटली तर हातात फक्त चक्र उरतं.

कायद्याबद्दल गॅरेजवाले क्वचितच बोलतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून लिफ्ट, टायर किंवा स्टिअरिंगला हात घालण्याआधीच आपल्या आरटीओत आणि विमा कंपनीत काय चालतं ते लेखी विचारावं. अपघातानंतर सर्व्हेअर गाडीखाली वाकला की उशीर झालेला असतो. ९८ व्या नियमात आणखी एक बारकावा आहे: स्टिअरिंगच्या बॉल जॉइंटवर रबराचं आवरण हवं, बोल्ट-पिना निसटणार नाहीत अशा अडकवलेल्या हव्यात. रेसिंगमधले उघडे, चकचकीत रॉड एंड इथेच नापास होतात. नियम सोडला तरी आपल्या पावसात आणि चिखलात ते टिकत नाहीत. बूट असलेला साधा टाय रॉड एंड घ्या.

काम झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी एक पुढचं चाक जॅकवर पूर्ण उचलून चक्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. नळी ताणली जाते का, दांडी कुठे घासते का, ते तेव्हाच दिसतं. अलाइनमेंटच्या कागदावर टो-इनबरोबर कॅस्टरचा आकडा मागून घ्या. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्कवर आवळा, आणि टूलबॉक्समध्ये एक टाय रॉड एंड व मूठभर स्प्लिट पिना टाका. इगतपुरीच्या रानात त्या मिळत नाहीत.