पऱ्हाटीतलं लाकूड, सरकीतलं तेल

कापूस वेचून झाला की विदर्भातल्या शिवारात उरतात पऱ्हाट्या. थोड्या चुलीत जातात, बाकीच्या धुऱ्यावर पेटवल्या जातात. तशाच उभ्या ठेवल्या तर गुलाबी बोंडअळीला आयता आसरा मिळतो, त्यामुळे काढाव्या तर लागतातच. पण काडी लावण्याआधी त्यात काय आहे, हे मोजायला हवं.

कपाशीचं झाड रसायनाच्या दृष्टीने मोठं संपन्न. रुई म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. सरकीत साधारण 18 ते 20 टक्के तेल. आणि पऱ्हाटीत सुमारे पाव हिस्सा लिग्निन. तिचा लाकडासारखा टणकपणा त्याचाच.

लिग्निन मोजायची रीत उफराटी आहे. त्याला हात न लावता बाकीचं सगळं विरघळवून टाकायचं. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ पीटर क्लासन यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. पऱ्हाटीचा भुगा 72 टक्के सल्फ्युरिक आम्लात भिजवायचा, मग पाणी घालून आम्ल पातळ करायचं आणि उकळायचं. सेल्युलोजची साखर होऊन ती पाण्यात उतरते. गाळणीवर काळपट तपकिरी चोथा उरतो, तो वाळवून तोलायचा.

खरी मेख त्याआधी आहे. भुग्यातलं मेण, राळ, तेल या आम्लाला दाद देत नाही. ते चोथ्यात जाऊन बसतं आणि लिग्निनचा आकडा फुगतो. म्हणून भुगा आधी सॉक्सलेटच्या काचेच्या उपकरणात ठेवतात. खाली द्रावक उकळतं, त्याची वाफ वर जाऊन थंड होते आणि थेंब थेंब भुग्यावर पडते. नळी काठोकाठ भरली की विरघळलेलं तेल घेऊन सगळा द्रव एकदम खाली ओढला जातो, आणि फेरा पुन्हा सुरू. हे तासन्‌तास चालतं. फ्रांझ फॉन सॉक्सलेट यांनी 1879 मध्ये हे उपकरण मांडलं ते दुधाच्या स्निग्धांशासाठी. आज सरकीचं तेलही त्यातच मोजतात. ही पायरी घाईत उरकली, तर तेल कमी दिसतं आणि लिग्निन जास्त.

आकडा हाती आला की पऱ्हाटीची वाट ठरवता येते. इथेनॉल करायचं तर लिग्निन आडवं येतं, कारण सेल्युलोजपर्यंत पोचायला ते एन्झाइमांना वाव देत नाही. ब्रिकेटमध्ये मात्र तेच उपयोगी पडतं. दाब आणि उष्णता मिळाली की ते मऊ होऊन भुसा सांधतं, वेगळा डिंक लागत नाही. मुंबईत माटुंग्याला 1924 पासून काम करणाऱ्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड करण्याचं तंत्रही विकसित केलं आहे.

सरकीतल्या तेलाचा हिशेब गिरणीवाला चोख ठेवतो. पऱ्हाटीलाही तो मान मिळायला हवा. उद्या एखाद्या कारखान्याने टक्केवारी दाखवून भाव सांगितला, तर शेतकऱ्यांच्या गटाने बेधडक विचारावं: मोजण्याआधी मेण-तेल काढलं होतं का, आणि चोथा भट्टीत जाळून त्यातली राख वजा केली होती का?