होळीच्या दिवसांत दारूपासून दूर राहताना

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं गाव. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातलं जे गाव सर्वांत आधी गेलं, ते हेच. सातपुड्याच्या या पट्ट्यात वर्षाचा मोठा सण होळीचा. ऊसतोडीला, मजुरीला बाहेर गेलेली माणसं होळीला घरी परततात. भोंगऱ्याचे बाजार भरतात, ढोल निघतात, काठी गावची राजवाडी होळी रात्रभराच्या नाचानंतर पहाटे पेटते. हातात हंगामाचा पैसा असतो आणि कितीतरी महिन्यांनी सोबती भेटलेले असतात. दारू सोडलेल्या किंवा सोडू पाहणाऱ्या माणसाला हेच दिवस सगळ्यांत जड जातात. त्यात आजूबाजूच्या चुकीच्या समजुतींची भर पडते. त्यातल्या एक-दोन तर जिवावर बेततात.

"दारूशिवाय होळी कसली? आपली रीतच आहे ती."

हे जितकं गावात ऐकू येतं, त्याहून जास्त शहरातले लोक आदिवासींबद्दल बोलतात. देवाला आणि पूर्वजांना मोहाची धार देण्याची रीत आहे, ती खरीच. पण माणसाने शुद्ध हरपेपर्यंत प्यावं, असं कुठलीही रीत सांगत नाही. उलट होळीत बावा-बुध्याचं सोंग घेणारे नवसकरी अनेक दिवस पाळणी पाळतात, खाटेवर निजत नाहीत, ब्रह्मचर्य राखतात. सणाच्या ऐन गाभ्यात संयम आहे.

इतिहासही हेच सांगतो. 1922 साली दक्षिण गुजरातेतून खानदेशाकडे पसरलेल्या देवी चळवळीत आदिवासींनी गावंच्या गावं दारू सोडली. 1930च्या दशकाच्या अखेरीस मोरवडच्या गुला महाराजांच्या आरतीला हजारो भिल जमत, आणि दारू सोडणं हा त्या शिकवणीचा कणा होता. 1972 नंतर शहादा भागात श्रमिक संघटनेच्या चळवळीतल्या आदिवासी बायका गुत्त्यांवर चालून गेल्या आणि त्यांनी दारूची मडकी फोडली. अशा माणसांच्या नातवंडांना "दारू तुमच्या रक्तातच आहे" असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

"घरची मोहाची आहे, तिने काही होत नाही."

मोहाचं फूल हे अन्न आहे, औषध आहे, विकून चार पैसे देणारं वनउपज आहे. पण ते आंबवून गाळलं की त्यात उतरतं ते इथेनॉलच, बाटलीतल्या दारूत असतं तेच. शिवाय बाटलीवर प्रमाण छापलेलं असतं, पहिल्या धारेच्या दारूत ते किती आहे हे गाळणाऱ्यालाही सांगता येत नाही. कुठून आली हे माहीत नसलेली विकतची दारू आणखी घातक. जुलै 2022 मध्ये गुजरातेत बोटाद परिसरात चाळीसहून अधिक माणसं दगावली, कारण त्यांनी प्यायलेल्या दारूत विषारी मिथेनॉल होतं. प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, पोटात कळा आल्या, धाप लागली, तर ती उतरण्याची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

"मनावर घेतलं की एका दिवसात सुटते."

ही समजूत सर्वांत धोक्याची, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. पाळणी धरायची म्हणून किंवा बायकोला शब्द दिला म्हणून त्याने एका रात्रीत सोडली, तर सहा-आठ तासांतच हात कापू लागतात. सकाळी चहाचा पेला तोंडापर्यंत नेताना निम्मा चहा सांडतो. घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो: अंगावर किडे चालतात, नसलेली माणसं दिसतात, वेळकाळाचं भान राहत नाही.

घरच्यांना वाटतं, बाहेरची बाधा झाली, आणि बडव्याला, म्हणजे भगताला, बोलावणं जातं. बडव्याचा मान राखावा, पण आधी डॉक्टर. या अवस्थेत उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. उपचार अवघड नसतात: शांत करणारी औषधं मोजून आणि उतरत्या मात्रेत, सोबत ब-1 जीवनसत्त्व. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याने सोडायची ठरवली, तर होळीच्या बऱ्याच आधी सरकारी डॉक्टरांना विचारूनच सोडावी. नर्मदेकाठच्या पाड्यातून मोठा दवाखाना गाठायला होडी आणि घाट दोन्ही पार करावे लागतात, तेव्हा ही तयारी आधीच हवी. फिट आलीच, तर कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका.

जास्त पिऊन निपचित पडलेल्यालाही "झोपू द्या, उतरेल" म्हणून उताणं टाकून जाऊ नये. उलटी श्वासात गेली की संपलं. कुशीवर झोपवा, कुणीतरी जवळ बसा. हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास मंद असेल तर उचलून दवाखान्यात न्या. लिंबूपाणी, चहा, थंड पाण्याची आंघोळ यांनी दारू उतरत नाही. यकृत ती आपल्या गतीनेच जाळतं.

"दुःख विसरायला दोन घोट बरे."

विस्थापनात गाव-शेत गमावलेल्या, वर्षातले कित्येक महिने परमुलखात राबणाऱ्या माणसाचं दुःख खरं असतं, त्याला कमजोरी म्हणू नये. पण दारूने आलेली झोप मध्यरात्री मोडते, आणि सकाळी उदासी वाढलेली असते. सणात सगळे हसत असताना आपल्याला रडू येतं, जगावंसं वाटत नाही, हे बोलून दाखवण्यात कमीपणा नाही. सलग दोन आठवडे असं वाटत असेल तर तो उपचाराने बरा होऊ शकणारा आजार असतो. जीव द्यावासा वाटत असेल, तर मदत मागायला एक दिवसही थांबू नये.

आणि ज्याने सोडली आहे त्याला "एक पेला घे, काय होतंय" म्हणणाऱ्यांसाठी: त्या एका पेल्याने पुष्कळदा सगळं परत सुरू होतं. घसरला, तर मात्र त्याला टाकून बोलू नका. पुन्हा सोडता येते, अनेकांनी तशीच सोडली आहे. त्याच्या हाती ढोल द्या, जेवणाच्या पंगतीत बसवा, रात्री घरी सोडायला सोबत जा. तो नको म्हणाला की दुसऱ्यांदा विचारू नका.

मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 आणि व्यसनमुक्तीसाठी 14446 हे सरकारी क्रमांक मोफत आहेत. पाड्यात रेंज नसेल, तर बाजाराच्या दिवशी रेंज मिळेल तिथून फोन लावा, किंवा आशाताईंना सांगा.