पोस्टग्रेसच्या याद्या: एक मागोवा

बर्कलेच्या विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ साली ज्या पोस्टग्रेस डेटाबेस प्रकल्पाचा पाया घातला, त्याचा काही भाग आरंभी लिस्प भाषेत होता; पुढे सारी संहिता सी भाषेत आली, तरी प्रत्येक पेशीने पुढच्या पेशीचा पत्ता बाळगावयाचा, ही लिस्पची लिंक्ड लिस्ट कायम राहिली आणि पार्सरपासून प्लॅनरपर्यंत सगळा व्यवहार तिच्यावरच चालू लागला.

२००४ साली नील कॉनवे यांनी या यादीला शिरोभाग देऊन त्यात पहिल्या व शेवटच्या पेशीचे पत्ते आणि एकूण संख्या यांची नोंद ठेवण्याची तजवीज केली. वेग वाढलाच, परंतु मला अधिक मोलाची वाटते ती त्याबरोबर आलेली खातरजमा: संख्या एक असेल तर पहिली आणि शेवटची पेशी एकच असली पाहिजे, आणि शेवटच्या पेशीच्या पुढे काहीही असता कामा नये.

९.३ या आवृत्तीत आंद्रेस फ्रॉइंड यांच्या, मागच्या व पुढच्या अशा दोन्ही घटकांचे पत्ते बाळगणाऱ्या दुहेरी याद्या आल्या. तेथील दोष फार फसवे असतात, कारण यादीतून काढलेल्या घटकाजवळ जुन्या शेजाऱ्यांचे पत्ते तसेच राहतात, तोच घटक चुकून पुन्हा काढला की त्या शेजाऱ्यांचे दुवे बिघडतात, आणि सर्व्हर कोसळतो तो कितीतरी वेळाने, भलत्याच ठिकाणी. त्यासाठी डीबगिंगच्या बांधणीत सबंध यादी दोन्ही दिशांनी तपासण्याची सोय प्रथमपासून होती. काढतानाच दोन्ही पत्ते पुसून टाकणारे फंक्शन मात्र २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीत आले.

मधल्या काळात, २०१९ साली, टॉम लेन यांनी मूळ यादीतील साखळीच मोडून तिच्या जागी वाढता ॲरे आणला. पूर्वी पेशी आपली जागा सोडीत नसे, आणि त्या भरवशावर पुष्कळ कोड लिहिले गेले होते; आता यादी वाढताना कधी हलणार, कधी नाही, म्हणजे दोषही कधी दिसणार, कधी दडून राहणार. यावर लेन यांनी योजलेला उपाय मला या सबंध इतिहासातील सर्वोत्तम वाटतो: तपासणीच्या बांधणीत यादी प्रत्येक बदलाबरोबर मुद्दाम हलवावयाची. सोडलेली मेमरी ७एफ या बाइटने भरण्याची व्यवस्था आधीपासून होतीच, त्यामुळे जुना पत्ता धरून बसलेले कोड बहुधा तत्काळ उघडे पडते.

नेहमीच्या बांधणीत या तपासण्या बंद असतात. म्हणून पोस्टग्रेससाठी सी भाषेत एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांनी ॲसर्टसह या साऱ्या तपासण्या चालू ठेवून केलेल्या बांधणीवर आपले काम पारखल्यावाचून ते दुसऱ्याच्या हाती देऊ नये.