विश्लेषण : उत्तर कोरियाच्या अण्वस्त्रांना आवर कसा घालणार?

उत्तर कोरियाने २००३ मध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली. २००६ ते २०१७ दरम्यान सहा अणुचाचण्याही केल्या. या देशाला रोखण्याचे मार्ग कोणते?

लष्करी कारवाई का नाही?
दक्षिण कोरियाची राजधानी सोल सीमेपासून जेमतेम ५० किलोमीटरवर, उत्तरेच्या तोफांच्या टप्प्यात आहे. युद्धाचा पहिला फटका तिथल्या नागरिकांना बसेल.

निर्बंधांचे काय?
संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध कायम आहेत. मात्र त्यांच्यावर देखरेख ठेवणारी तज्ज्ञ समिती रशियाच्या नकाराधिकारामुळे २०२४ मध्ये बंद पडली.

वाटाघाटींतून काय साधले?
१९९४ च्या करारामुळे योंगब्योन येथील प्लुटोनियम निर्मिती सुमारे आठ वर्षे थांबली होती. २०१९ मध्ये हनोईत ट्रम्प-किम चर्चा फिसकटली. योंगब्योन बंद करण्याच्या बदल्यात किम यांना निर्बंधांत मोठी सूट हवी होती. अमेरिकेला तेवढे पुरेसे वाटले नाही.

मग पर्याय कोणता?
२०२२ मध्ये उत्तर कोरियाने अण्वस्त्रसज्जतेला कायद्याचे रूप दिले. त्यामुळे पूर्ण निःशस्त्रीकरणाआधी उत्पादन आणि चाचण्या गोठवणे, हाच त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग उरतो. पण त्यातून या अण्वस्त्रांना अप्रत्यक्ष मान्यता मिळेल, अशी धास्ती दक्षिण कोरिया आणि जपानला आहे.